बादलीतले बेडूकमासे

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

शाळेतले बेडूकमासे पुढचे पाय फुटल्यावर पटापट मेले, असं तू लिहिलंस. बहुतेक ते बुडाले! त्या दिवसांत कल्ले संपत येतात, श्वास फुप्फुसांवर येतो आणि बादलीच्या उभ्या भिंतीवर टेकायला जागा नसते. मागचे पाय नीट दिसू लागले की एका बाजूला दगडांचा उतार रच, पाणी चार-पाच सेंटिमीटरवर आण, वर जाळी बांध. पुढचे पाय कातडीखाली आधीच तयार असतात, म्हणून ते अचानक बाहेर येतात. त्यांची वाट पाहत बसलास तर उशीर होतो. शेपूट आटते तेव्हा खाणंही बंद असतं. तोंड पालटतं, शेवाळ पचवणारं लांबलचक आतडं आखडतं. तेव्हा घातलेला पालक फक्त कुजतो.

पुढच्या वेळी अंड्यांपासून सुरू करणार असशील, तर जेलीचा गोळा सुटा करू नकोस. अंडं पाण्यात पडतानाच नर त्यावर शुक्राणू सोडतो, मग जेली पाणी पिऊन फुगते. फळलेलं अंडं आत फिरून काळी बाजू वर घेतं. पांढरट पडलेली, बुरशी धरलेली अंडी काढून टाक. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू पोटातल्या बलकावर जगतं आणि कुठेतरी चिकटून राहतं. पोहायला लागल्यावरच उकडलेला पालक दे, तोही नखाएवढा. लिटरभर पाण्यात दोनच ठेव. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापर, दर दोन दिवसांनी तिसरा हिस्सा बदल. बादली उन्हात नको, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मुरतो. आणि मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्लं वेगळी काढ, ती बाकीच्यांना खातात.

एखादा महिनोन् महिने बेडूकमासाच राहिला तर थायरॉईडचा संशय घे. 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉईड ग्रंथी खाऊ घातली, तर ते वेळेआधीच बेडूक झाले, पण अगदी इवले.

मुलांना मात्र फळ्यावरचं अंडं-बेडूकमासा-बेडूक हे गोल चक्र एकच खरं म्हणून सांगू नकोस. तुमच्या आंबोलीतले झुडपी बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. अंड्यातून थेट चिमुकला बेडूक निघतो. सह्याद्रीतल्या ओढ्यांवरचा हुमायूनचा निशाबेडूक तर आणखी न्यारा. नर मादीला मिठी मारत नाही, हात पानावर टेकून तिच्या पाठीवर बसतो, शुक्राणू सोडून निघून जातो, आणि अंडी ती नंतर घालते. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पानावरून पिल्लं खाली ओढ्यात पडतात.

शेपूट पूर्ण आटली की पिल्लं त्याच डबक्याकाठी सोड, संध्याकाळी, पाऊस असताना. त्यांना जिवंत चिलटंच लागतात आणि तेवढी रोज पकडणं शाळेला जमायचं नाही.

तुझा,
श्रीधर