वडगावच्या आमच्या शेजारच्या अक्कांना, घर ऊबदार करून दिल्याबद्दल

ओ अक्का, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे काही बघत नाही हे माहीत आहे मला, तरी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं लिहायलेय, तुमची लेक वाचून दाखवेल. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बिडू गं (कन्नडमध्ये 'सोड गं'), त्यात काय" म्हणून आत निघून जाता, मग माणसाने आभार मानायचे तरी कधी.

आम्ही ऐन पावसात वडगावला या घरात राहायला आलो. बेळगावचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, एकदा जून लागला की सप्टेंबरपर्यंत कपडे काही नीट वाळत नाहीत. त्यात घर जुनं, कौलारू, पुढच्या खोलीत पूर्वी कापड विणायचा माग होता म्हणे, खिडकी एवढीशी आणि तीही खाली, आणि मागची भिंत कमरेपर्यंत ओली. कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी. संध्याकाळी ऑफिसातून यायचं आणि ट्यूब लावायची, की ती खोली एकदम गोडाऊनसारखी दिसायची, बसावंसंच वाटायचं नाही.

तेव्हा आमची धाकटी बहीण पुण्यातून मला रोज परदेशातल्या घरांचे फोटो पाठवायची, ते ऑटम डेकोर का काय ते. केशरी उशा, जाड शाली, दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या, दारात पायऱ्यांवर भोपळे मांडलेले. मला फार आवडायचे ते, खोटं कशाला बोलू. तिकडे ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी होऊन पानं गळतात, दिवस लहान होतो, बाहेर गारठा, म्हणून ती माणसं घर आतून ऊबदार करून घेतात. आपल्याकडे पानगळ माघ-फाल्गुनात, आश्विनात तर सगळीकडे हिरवंगार आणि दुपारी चटका देणारं ऊन. पण संध्याकाळी गार वारं सुटतं, दिवेलागण लवकर होते, दसऱ्याची गडबड सुरू होते, तेव्हा घरात तसं काहीतरी हवं असं मलाही वाटतंच की. ते फोटो मी तुम्हाला दाखवले तेव्हा तुम्ही कोथिंबीर निवडत बसला होतासा. चष्मा वर करून बघितलंत आणि म्हणालात, "ह्यांच्या भिंती कोरड्या हायत की. आधी तुझी भिंत बघूया."

झालं, तिथूनच सगळं सुरू झालं.

पेंटच्या दुकानात मला प्लास्टिक पेंट मारा म्हणून सांगितलं होतं, आणि पहिला हात देऊन घ्या, वास जाईल, वगैरे. तुम्ही नको म्हणालात. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला की आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, मग फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. चुना तसा नाही, त्याच्यातून भिंत श्वास घेते आणि चुन्यावर बुरशीही सहजासहजी धरत नाही. पाऊस थांबल्यावर तुम्ही आधी नुसतं दार-खिडकी उघडी ठेवायला लावलीत, भिंतीला टेकवलेलं सगळं सामान हातभर पुढे ओढायला लावलंत, कपाट रिकामं करून त्यात कापूर आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला. मला वाटायचं हे डेकोरेशन कधी सुरू होणार. पण भिंत खरंच सुकत गेली, आणि तो कुबट वास गेला तेव्हाच घर अर्धं नीट झालं होतं.

मग कळीचा चुना. तो पत्र्याच्या डब्यात घालून वरून पाणी ओतलंत आणि तो असा रटरटा उकळायला लागला की आमचा पोरगा टाळ्या वाजवत जवळ यायला लागला, तुम्ही त्याला कॉलर धरून लांब उभा केलात आणि मलाही डोळे सांभाळ म्हणून ओरडलात. रात्रभर मुरू दिला, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, थोडा डिंक, आणि त्यात पिवडी, म्हणजे ती पिवळ्या मातीची पूड. किती पिवडी हे मोजून नाही, तुमच्या अंदाजाने, चिमूट-चिमूट घालत कागदावर फासून उन्हात वाळवून बघत. पहिला पातळ हात मारला तेव्हा भिंतीवर काही दिसेचना, नुसतं पाणी मारल्यागत, मी नाराज झाले तर तुम्ही हसलात. वाळल्यावर रंग उजळला. दुसरा हात, तिसरा हात. पिकल्या पपईच्या सालीच्या आतल्या बाजूचा असतो ना तसा फिका पिवळा, पेंटच्या कार्डावर तो मला कधी मिळालाच नसता.

लाईटचं श्रेय मात्र मी थोडं घेणार हं. ती ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब काढून मी २७०० चे पिवळसर बल्ब आणले, आणि वरून एकच मोठा लावण्याऐवजी कोपऱ्यात खाली दोन ठेवले. पण त्याला झाकण तुमचं! खानापूरच्या कुंभाराकडचा तो लाल मातीचा माठ, बुडाला तडा गेलेला म्हणून तुम्ही परसात पालथा टाकला होता, तोच धुऊन बल्बावर उपडा घातला, आणि त्या तड्यातून भिंतीवर जी उजेडाची रेघ पडते ती येणारा प्रत्येक माणूस विचारतो, कुठून घेतलंत म्हणून. (बल्ब एलईडी आहे, तापत नाही, काळजी नको.)

उशांचे अभ्रे गुळेदगुड्डच्या खणाचे. तुमच्या पेटीत चोळ्यांसाठी आलेले आणि कधीच न शिवलेले खण होते, ओटीत आलेले, ते तुम्ही सरळ माझ्यापुढे ठेवलात. मला कसंतरीच झालं. "चोळ्या घालणारं कोण राहिलंय आता," एवढंच म्हणालात. एक गर्द लाल, एक मोरपंखी, एक तो मातकट केशरी ज्यावर मी पहिल्यापासून डोळा ठेवून होते.

आणि वाकळ, म्हणजे आपली गोधडी. अक्का, ह्या वाकळीबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच पडेल. माझ्या सासूबाईंची दोन जुनी इरकल लुगडी, माझ्या आईची एक सुती साडी, तुमच्याकडची धोतरं. अंगणात चटई टाकून थर लावले, एकही सुरकुती राहू नये म्हणून तुम्ही गुडघ्यांवर सरकत सरकत तळहाताने दाबत गेलात, कडेला लांब लांब कच्चे टाके घातले. मग एका कोपऱ्यातून धावदोरा सुरू, कडेकडेने जायचं, कोपऱ्यावर वळायचं, परत आतून दुसरी रांग, असं गोल गोल आत मधापर्यंत. दुपारी भांडी झाली की गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या, एकीकडून एक, दुसरीकडून दुसरी, अर्धं बोलणं कन्नडमध्ये अर्धं मराठीत, आणि माझे टाके एवढे मोठे पडायचे की तुम्ही काही न बोलता मी चहा करायला गेले की उसवून परत घालायचात. मला दिसायचं ते! शेवटी मधली जागा शिवून बंद करण्याआधी तुम्ही त्यात चार तांदळाचे दाणे आणि चिमूटभर साखर टाकलीत, वाकळीचं पोट उपाशी ठेवू नये म्हणून. इरकलचा लाल पदर वर आला आहे, सोफ्यावर टाकली की खोलीत दुसरं काही लागतच नाही. विकतची ती चौकड्यांची जाड शाल मी कार्टमधून काढून टाकली, बहिणीला सांगू नका, तिनेच सुचवलेली.

भोपळ्याचं पण सांगायला पाहिजे. मी हौसेने तांबडा भोपळा आणून दारात ठेवला, फोटोतल्यासारखा, शेजारी शेवंतीची कुंडी. तुमचे मालक जाता-येता विचारायचे, हा कापणार कधी. खंडेनवमीला तर गल्लीत प्रत्येक गाडीपुढे कोहळा फुटतोय, रस्ताभर कुंकू आणि कोहळ्याचा रस, चालायची पंचाईत, आणि आमचा भोपळा आपला शोभेला बसलेला. शेवटी तुम्हीच तो उचलून नेलात आणि त्याचे घारगे करून पाठवलात. बरंच झालं. त्या जागी आता तुमच्या भाच्याने खानापूरहून आणलेल्या भाताच्या लोंब्यांची जुडी दारावर टांगली आहे, चिमण्या येतात, सकाळी पायरीवर तूस पडलेलं असतं, झाडायला लागतं, पण असू दे.

कोजागरीला आमच्याकडे सगळे जमले, दूध आटवायला तुमचंच पातेलं. सासूबाई पहिल्यांदाच या घरी आल्या होत्या. त्यांनी वाकळीवरून हात फिरवला, आपलं लुगडं ओळखलं, आणि मग रात्रभर तिथून उठल्याच नाहीत, दूध पण तिथेच मागितलं. माझ्यापेक्षा तुमच्याशी जास्त बोलल्या, मला राग नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. दुसऱ्या वाकळीसाठी सासूबाईंनी अजून एक गाठोडं पाठवलंय, दिवाळी झाली की बसूया, फराळाच्या गडबडीत नको. आणि दोऱ्याच्या रिळांचे, पिवडीचे पैसे तुम्ही अजून घेतला नाहीत. ते मी पाकिटात घालून तुमच्या लेकीकडे देणार आहे, मागच्या वेळेसारखे पोराच्या दप्तरात घालून परत पाठवू नका.

तुमची,
पुढच्या घरातली