जर्बिलच्या टँकमध्ये पुठ्ठ्याची भिंत टिकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या छोट्या पाळीव प्राण्यांविषयी लेख आला, हे चांगलंच झालं. जळगाव-धुळ्याकडे आता हॅमस्टरसोबत जर्बिल हे उंदरासारखे छोटे प्राणीही विकायला येतात आणि मराठीत त्यांच्यावर फारसं काही वाचायला मिळत नाही. पण त्या लेखात नवा जर्बिल जुन्याशी जुळवण्यासाठी दिलेला सल्ला, म्हणजे काचेच्या टँकच्या मधोमध पुठ्ठा किंवा ॲक्रिलिकची पट्टी उभी करून दोन दिवसांनी काढणं, कुणी पाळला तर एका तरी जनावराच्या जिवावर बेतेल. म्हणून हे सविस्तर पत्र.

पाळायला मिळतो तो मंगोलियन जर्बिल. तो मंगोलिया आणि उत्तर चीनच्या कोरड्या माळरानावरचा, बिळात कुटुंब करून राहणारा प्राणी. एकटा झुरतो म्हणून जोडी ठेवायची असते, पण अनोळखी जर्बिल हद्दीत आला की त्याला मारूनच टाकायचं, हाही त्याचा स्वभावच. आपलं कोण आणि परकं कोण हे तो वासावरून ओळखतो. पोटावरची ग्रंथी घासून हद्दीची खूण करतो. म्हणून पार्टिशनला दोन कामं एकदम करावी लागतात: वास पलीकडे जाऊ द्यायचा आणि दात जाऊ द्यायचे नाहीत. ॲक्रिलिकची सलग पट्टी पहिल्याच कामात नापास. तिला भोकं पाडली तर प्रत्येक भोकाची कड दातांना पकड देते. पुठ्ठ्याचं तर बोलायलाच नको. पुठ्ठा कुरतडून चुरा करणं हा जर्बिलचा आवडता उद्योग आहे. भिंत सकाळपर्यंत राहिली तर नवल.

आपल्याकडे आणखी काही वस्तू सहज हाताशी असतात, त्यांचाही मोह टाळावा. जळगाव पाइप आणि ठिबकचं गाव, त्यामुळे पीव्हीसीची पट्टी, चॅनेल कुठेही मिळतं. पण रात्रीतून त्याचा भुगा होतो आणि तो पोटात गेला तर आतडं अडू शकतं. शेडनेट, मच्छरजाळी, प्लास्टिकची बागेची जाळी हे सगळं त्याच माळेतलं. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी कापली जात नाही, पण ती लवते आणि भोक एवढं मोठं की तोंड सरळ पलीकडे जातं. लाकडी चौकट आतून पोखरली जाते, बाहेरून कळतही नाही.

लागते ती पाव इंची वेल्डेड जाळी. हार्डवेअरच्या दुकानात ‘दोन सुती’ म्हटलं तरी समजतं. म्हणजे भोक ६ मिमीच्या आसपास आणि तार २० गेजची, ०.९ मिमी जाडीची. स्टेनलेस मिळाली तर उत्तम, नाहीतर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी. नव्या जीआय जाळीवर जस्ताचे खडे आणि पांढरी पावडर असते, ती जर्बिलच्या पोटात जाऊ नये. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ब्रश बुडवून दोन्ही बाजू घासा, भरपूर पाण्याने धुवा, उन्हात वाळवा. अर्धा इंची जाळी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. तिच्यातून नाक जातं, पाय जातो, पिल्लू तर अख्खं जातं.

आणि जाळी एकेरी नको, दुहेरी हवी. हा मुद्दा लेखात कुठेच नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. जर्बिल जाळीला चिकटून चढतो तेव्हा त्याची बोटं पलीकडे डोकावतात आणि पलीकडचा ती तोडतो. दोन जाळ्यांत १२ मिमी अंतर ठेवलं की दात पोचत नाहीत, वास मात्र पोचतो.

मोजमापासाठी ९० × ४५ × ४५ सेंमीचा टँक धरू. काच ५ मिमी असेल तर आतली रुंदी ४४ सेंमी. ती वर, मध्ये आणि तळाशी तीन ठिकाणी मोजा. हाताने जोडलेले टँक क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात, आणि कोपऱ्यातल्या सिलिकॉनमुळे तळाची रुंदी दोन-तीन मिमी कमी भरते. सगळ्यात कमी भरलेल्या मापातून ४ मिमी वजा करून पार्टिशनची रुंदी धरायची. उंची अशी, की वरची स्टेनलेसची पट्टी (ती पुढे येईल) धरून पार्टिशन टँकच्या काठाशी सपाट येईल.

चौकट स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडे मिळणाऱ्या १२ मिमीच्या चौकोनी ॲल्युमिनियम पाइपची. चार बाजू आणि मधला एक उभा, मिळून सव्वादोन मीटर लागतो, अडीच घ्या. मधला पाइप सोडू नका. तो नसला की भुशाच्या दाबाने दोन्ही जाळ्या मध्यावर जवळ येतात आणि दुहेरीची एकेरी होते. तीन फुटी रोलमधून अर्धा मीटर जाळी घेतली की दोन्ही तुकडे निघतात. कात्री तारेच्या फुलीजवळून चालवा, म्हणजे टोचणारी टोकं राहत नाहीत. उरलीच तर कानस मारा. जाळी चौकटीच्या कडेवरून दुमडू नका, रुंदी वाढते आणि पार्टिशन अडकतं. दोन्ही बाजूंनी वॉशर घालून ३ मिमीचे स्टीलचे पॉप रिवेट दर ५ सेंमीवर ठोका. वरच्या पाइपवर २५ मिमी रुंद स्टेनलेसची पट्टी स्क्रूने बसवा, तिचं काम पुढे येईल.

आता पार्टिशन धरून ठेवायचं कशाने? इथे बहुतेक जण नुसतं सिलिकॉन लावून मोकळे होतात. सिलिकॉन रबरासारखं, जर्बिल ते दोऱ्यासारखं ओढून काढतो. शिवाय कायमचं चिकटलेलं पार्टिशन जुळवाजुळव झाल्यावर काढायचं कसं? त्यापेक्षा काचेच्याच खाचा करा. काचवाल्याकडून ५ मिमी काचेच्या २० मिमी रुंद पट्ट्या कापून घ्या: भिंतींसाठी ४३ सेंमीच्या चार, तळासाठी ४० सेंमीच्या दोन. कडा घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर पंजे कापतील. या पट्ट्या काचेवर सपाट चिकटवायच्या नाहीत, कडेवर उभ्या चिकटवायच्या. दोन पट्ट्यांमधली जागा ही खाच. खाचेचं माप कागदावर काढण्यापेक्षा तयार पार्टिशनच टँकमध्ये उभं करा, त्याच्या दोन्ही अंगांना पोस्टकार्डाएवढा जाड कागद दुहेरी लावा आणि त्याला टेकवून पट्ट्या बसवा. रिवेटची डोकी मिळून जाडी किती होईल हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून आधी पार्टिशन, मग खाच. उलट केलं तर पुन्हा सगळं उकलावं लागतं.

पट्ट्या चिकटवायला सिलिकॉन फिशटँकचं घ्यायचं. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते चालत नाही. पट्टीच्या बाहेर आलेलं सिलिकॉन ओलं असतानाच पुसा, सुकल्यावर ब्लेडने खरवडा. दाताला धरायला ओठ उरता कामा नये. ४८ तास हात लावू नका आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत जनावर सोडू नका. असं केलं की ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या दोन्ही बाजू आणि तळ काचेआड जातात आणि तिथे कुरतडायला कडच मिळत नाही.

पार्टिशन रिकाम्या टँकमध्ये तळकाचेपर्यंत बसवायचं, भुसा त्यानंतर. भरलेल्या टँकमध्ये वरून दाबलं की खाली दोन बोटं भुसा अडकून राहतो आणि त्या वाटेने पहिल्याच रात्री बोगदा होतो. बहुतेक अपघात तळातून होतात. उरलेले वरून, कारण जाळी ही जर्बिलला शिडी आहे. टँकला एकच झाकण असेल तर ते उघडताक्षणी दोघे समोरासमोर येतात. म्हणून झाकणं दोन, अर्धी अर्धी, त्याच जाळीची, आणि दोन्ही मघाच्या स्टेनलेस पट्टीवर टेकलेली. क्लिप लावा. नुसतं ठेवलेलं पार्टिशन जर्बिल खालून भुसा लोटत वर उचलतो, झाकण घट्ट असलं की ते जागचं हलत नाही.

जनावरं सोडण्याआधी साधी शिसपेन्सिल घेऊन चारही कडांवरून फिरवा. पेन्सिल सुमारे ७ मिमी जाड असते. ती कुठेही आत शिरली तर ती फट बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग पार्टिशन दोन बोटांनी वर ओढून पाहा.

दोन्ही भागांत पाण्याची बाटली, खाणं आणि कुरतडायला पुठ्ठा सारखा ठेवा (पुठ्ठ्याची खरी जागा ही). चाक ठेवलं तर ते सलग पत्र्याचं, गजांचं नको, आणि पार्टिशनपासून चार बोटं लांब. या काळात भुसा ५ ते ७ सेंमीच. एरवी जर्बिलला २०-२५ सेंमी खोल बेडिंग लागतं, पण आत्ता खोल भुसा म्हणजे खोल हद्द, आणि आत चाललेली मारामारी बाहेरून दिसतही नाही. भुसा वखारीतला करवतीचा बारीक नको, त्याची धूळ श्वासात जाते. सुताराच्या रंध्याची सोलपटं घ्या, उग्र वासाच्या लाकडाची मात्र नको.

रोज किमान दोन-तीनदा दोघांच्या जागा बदला. घरटं आणि भुसा आहे तिथेच ठेवायचा, फक्त जनावरं इकडून तिकडे; म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या वासात झोपतो. उचलताना ओंजळीत किंवा मगमध्ये घ्या. शेपटीला धरून कधीच नाही, तिची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते. दोन दिवसांत हे जमत नाही. साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. जाळीवर धावून जाणं, ती चावणं, केस फुलवणं थांबलं आणि दोघं पार्टिशनला लागून झोपू लागले, की मग ते काढायचा विचार. शंका असेल तर आणखी तीन दिवस.

काढताना वेळ अशी निवडा की पुढचे काही तास कुणीतरी समोर बसेल. जागा लहान, बिळं-खोकी काहीच नको, हातात जाड चामडी हातमोजा. एकमेकांना हुंगणं, थोडा पाठलाग, अंग साफ करणं ठीक. पाठ कमान करून बाजूने ढकलणं हा इशारा. दोघांचा गोळा होऊन ते गडगडायला लागले की उघडा हात घालू नका, हाडापर्यंत चावा बसतो. हातमोजा घातलेल्या हाताने किंवा ताटलीने दोघांना अलग करा आणि पार्टिशन परत खाचेत घाला. रक्त निघालं असेल तर त्या जोडीचा नाद सोडा. एका टँकमध्ये पार्टिशनच्या दोन बाजूंना शत्रू आयुष्यभर ठेवणं हाही उपाय नव्हे, दोघांना रात्रंदिवस शत्रूचा वास येत राहतो. वेगळे टँक, वेगळी खोली. नर-मादीची जोडी असेल तर आणखी वेगळं गणित: साधारण २५ दिवसांत पिल्लं, आणि व्याल्यानंतर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते. दुकानदाराने ‘दोन्ही नर’ म्हटलं तरी एकदा जाणकाराकडून पाहून घ्या.

आपल्याकडचा उन्हाळा मात्र कुठल्याच परदेशी पुस्तकात नसतो. भुसावळ-जळगावला पारा ४५च्या घरात जातो. जर्बिलला त्याच्या आधीच त्रास सुरू होतो आणि रानात तो अशा वेळी खोल बिळात असतो. पार्टिशन घातलेल्या, भुसा कमी केलेल्या काचेच्या टँकमध्ये त्याला बीळ नाही आणि जागाही अर्धीच. एप्रिल-मेमध्ये जुळवाजुळव करूच नका. करणं भागच असेल तर टँक घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खाली फरशीवर ठेवा आणि दोन्ही भागांत शहाबादी फरशीचा एकेक तुकडा. फरशी भुशावर टेकवू नका, तळकाचेवर ठेवा, नाहीतर खालचं उकरलं गेलं की ती अंगावर बसते. कूलरचा झोत टँकवर नको. ओल वाढली की जर्बिलचे केस चिकट होऊन उभे राहतात.

शाळांना सुट्ट्या लागल्या की दुकानांतली खरेदी वाढते. त्याआधी पुरवणीत दुरुस्ती यावी, ही विनंती. जागा थोडी असेल तर निदान ‘दुहेरी जाळी, भोक ६ मिमी, अंतर १२ मिमी, कालावधी दोन दिवस नव्हे, किमान आठवडा’ एवढं चौकटीत छापावं; आणि मिलिमीटरचं सेंटिमीटर होणार नाही, हे मुद्रितशोधकांनी पाहावं.

आपला,
एक वाचक, जळगाव