धूळवाफ पेरणीला पावसाप्रमाणे सल्ला हवा

महोदय,

हवामानबदल आणि भातशेती यांवरील लेखनात खाचरातून निघणाऱ्या मिथेनचा उल्लेख हटकून असतो. साचलेल्या पाण्याखालच्या मातीत प्राणवायू उरला नाही की सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यापासून हा वायू तयार करतात, हे खरेच आहे. पाण्याची पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरल्यावरच पुन्हा पाणी द्यावे, हा त्यावरचा उपायही सिद्ध झाला आहे. पण तो पाणी ज्याच्या हातात आहे त्याच्यासाठी. सातारा जिल्ह्यातील पाटण-जावळीच्या उतारावर आषाढात वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरत असताना एकट्या शेतकऱ्याने बांध फोडून काय साधणार?

शिराळा तालुक्यात मात्र रोहिणी नक्षत्राच्या सुमारास कोरड्या मातीत कुरीने (पेरणीच्या अवजाराने) भात पेरण्याची धूळवाफ पद्धत जुनी आहे. तीत तरवा (रोपे तयार करणे), चिखलणी आणि रोपांची लावण यांची गरज नसते, रान फार काळ तुंबत नाही आणि त्यामुळे मिथेनही कमी निघतो. (कोळपणीने ओळींमधले तण निघाले तरी हाताने तण काढण्याची भांगलण वाढते आणि ती बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते, हेही सांगितले पाहिजे.) परंतु ही पद्धत मे महिना कोरडा जाण्यावर उभी आहे. २०२५ साली मॉन्सून ११ जूनऐवजी २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. मे असा भिजला तर रानाला वाफसा (पेरणीजोगी बेताची ओल) येत नाही आणि ओल्या रानात कुरी चालत नाही. उलट २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वेळी नक्षत्रावर किंवा ठरावीक तारखेवर बेतलेला सल्ला कुचकामी ठरतो.

म्हणून कृषी विभागाने महसूल मंडळातील प्रत्यक्ष पावसाच्या नोंदी पाहून सल्ला द्यावा आणि वाफसा हुकल्यास चिखलावर मोड आलेले बी फोकण्यासाठी (हाताने विखरून पेरण्यासाठी) कमी दिवसांच्या वाणाचे बियाणे वेळेत द्यावे. जेथे लावणच करावी लागेल, तेथे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतील, चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध खोचायच्या युरिया-डीएपी ब्रिकेट (खताच्या गोळ्या) गावपातळीवर मिळाव्यात. फोकलेल्या युरियासारखे हे खत पाण्याबरोबर वाहून जात नाही.

आणखी एक. मिथेन घटवल्याबद्दल शेतकऱ्याला मोबदला देणाऱ्या कार्बन क्रेडिट योजना येऊ लागल्या आहेत. त्यांत सहसा पद्धत बदलणाऱ्यालाच लाभ मिळतो. ज्यांनी पूर्वापार खाचर तुंबवलेच नाही, त्या धूळवाफ पेरणाऱ्यांचा हिशेब कसा धरणार, हे शासनाने अशा योजनांना मान्यता देण्यापूर्वी ठरवावे.

– एक भातउत्पादक शेतकरी, शिराळा, जि. सांगली