पिशवीतल्या दोन दगडांबद्दल

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

हे पत्र मी उघडपणे लिहीत आहे, कारण ज्या तक्रारीचे गाऱ्हाणे मी आपल्याकडे आणले होते, ती त्याआधी चारचौघांत मीच बोलून दाखवली होती.

एका सहकाऱ्याने माझे काम स्वतःच्या नावावर खपवले होते. मला सल्ला नको होता, दुजोरा हवा होता. आपण सगळे ऐकून घेतलेत आणि बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 20व्या अध्यायातील 10वे वचन काढून पुस्तक माझ्यासमोर सरकवलेत. दोन प्रकारची वजने देवाला किळसवाणी वाटतात, असे ते वचन. मूळ हिब्रूत तिथे ‘दगड आणि दगड’ असे शब्द आहेत, हे आपणच सांगितलेत. त्या काळी वजने दगडाची असत, आणि लबाड व्यापारी घेण्यासाठी जड व देण्यासाठी हलका असे दोन दगड पिशवीत बाळगी. मग आपण एवढेच विचारलेत, ‘तुझ्या पिशवीत किती आहेत?’

मला राग आला होता, हे आता कबूल करते. पण घरी पोहोचण्याआधीच आठवले, की एका अहवालात मी कनिष्ठ सहकारिणीने तयार केलेले तक्ते तिचे नाव न देता वापरले होते आणि त्याला ‘घाईत राहून गेले’ असे गोंडस नाव दिले होते. तीच गोष्ट त्याने केली तेव्हा ती चोरी ठरली. सचोटीसाठी हिब्रूत येणाऱ्या ‘तोम’ या शब्दाचा अर्थ अखंडपणा, हे मी वहीत कधीच उतरवून घेतले होते. त्यातली चीर मात्र त्या दिवशी दिसली. नम्रतेवर आपण वेगळे काही बोलला नाहीत, तशी गरजही उरली नव्हती.

क्षमेपाशी मी अडले. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशू सांगतो त्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, चाकराला 10,000 तलांतांचे कर्ज माफ होते, आणि तो सोबत्याचा गळा धरतो 100 दिनारांसाठी. एका तलांताचे सुमारे 6,000 दिनार धरले, तर फरक 6 लाख पटींचा. ‘म्हणजे माझे दुःख किरकोळच ना?’ असे मी जरा तिरकसपणे विचारले. त्यावर आपण म्हणालात, की दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. 100 दिनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक घाम, आणि येशूने ती रक्कम मुद्दामच शून्य ठेवलेली नाही. देणे खरे होते, हे मान्य करूनच ते सोडायचे असते. यासाठी मी आपली सर्वांत जास्त ऋणी आहे, कारण ‘जाऊ दे, विसरून जा’ हे मला तोवर अनेकांनी सांगितले होते.

त्या सहकारिणीची मी क्षमा मागितली. तिला सगळे ठाऊक होते, ती फक्त बोलली नव्हती. सहकाऱ्याचा हिशेब मी मिटवला आहे, तरी एखाद्या सकाळी तो पुन्हा उघडून बसते; तेव्हा ते पान काढून आपण त्या वचनाखाली पेन्सिलीने ओढलेली बारीक रेघ पाहते.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी