सूचना : पाण्यातून आलेल्या जुन्या लँड रोव्हरसाठी

सर्व सदस्यांना,

पाण्यात उतरण्याआधी बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधलं क्लचचं आवरण) तळाशी बसवलेला वेडिंग प्लग (पाणी आत शिरू नये म्हणून लावायचं बूच) परत आल्यावर आठवणीने काढा. तो तसाच राहिला तर इंजिनच्या क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलमधून झिरपणारं ऑइल आत साचतं आणि क्लच घसरू लागतो. (मी एकदा महिनाभर बिचाऱ्या क्लच प्लेटलाच दोष देत होतो.) टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिनवाल्यांनी टायमिंग कव्हरचा (इंजिनच्या पुढचं टायमिंग बेल्टचं झाकण) प्लगही पाहावा.

दोन्ही डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या अॅक्सलमधले गिअर), स्विव्हल हाउसिंग (पुढची चाकं वळवणाऱ्या सांध्याचं आवरण) आणि गिअरबॉक्स यांचं ऑइल तपासा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, लगेच बदला. सीरिजवाल्यांनी (जुन्या सीरिज १, २, ३ मॉडेलच्या मालकांनी) ब्रेक ड्रम उघडून चिखल काढावा.

आता गंज. १९४८च्या पहिल्या गाडीपासून बॉडी अॅल्युमिनियमची आहे, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण खालची चॅसिस पोलादी आहे. मागचा क्रॉसमेंबर (चॅसिसची आडवी पट्टी) आणि आउटरिगर (चॅसिसमधून बाजूला निघालेले, बॉडीला आधार देणारे हात) आधी कुजतात, तेही आतून. त्यामुळे चॅसिसच्या भोकांतून पाण्याचा पाइप घालून आतला चिखल धुवा. बाहेरून चकाचक करण्यात अर्थ नाही. वाळल्यावर हातोडीने हलके ठोकून पाहा. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर पुढच्या सफरीआधी वेल्डरला गाठा.