चूर्णाची डबी आणि आईच्या गोळ्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, आधीच सांगून टाकते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांना मी फोन केलाय. पोट साफ होण्याच्या चूर्णाची नवी डबी ते देणार नाहीत. रागावलात तरी चालेल, पण पत्र पुरतं वाचा. चूर्ण उद्यापासून एकदम बंद नाहीये, आणि सकाळचा चहा, पेपर, तुमची ठरलेली वेळ यातलं काहीच हलणार नाही.

चूर्णातली सोनामुखी वाईट नाही, हे मीही मानते. रात्री घेतली की सहा ते बारा तासांत काम होतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यातलं द्रव्य मोकळं करतात, ते आतड्याला ढोसतं आणि पाणी आत शोषू देत नाही. पण हे आठवडा-दोन आठवड्यांचं औषध आहे, तुमचं मात्र किती वर्षं चाललंय ते आईला विचारा. रोजच्या पातळ जुलाबाबरोबर पोटॅशियम जातं. तुमच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे, तेही लघवीवाटे पोटॅशियमच काढतं. डबीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचा: ज्येष्ठमध दिसेल, काळं मीठ दिसेल. ज्येष्ठमध पोटॅशियम आणखी उतरवतं आणि बीपी चढवतं, मिठाचं तर बोलायलाच नको. म्हणजे एका हाताने गोळी, दुसऱ्या हाताने तिच्यावर पाणी. रक्तातलं पोटॅशियम 3.5च्या खाली गेलं की पोटऱ्यांत गोळे येतात, हातपाय गळतात, जास्त उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. रात्रीचे गोळे वयामुळेच असतील असं धरून चालू नका.

आई, तुला वाटतं चूर्णाने बाबांच्या गोळ्या वाहून जातात. तसं नाही गं. जीवनसत्त्वं लहान आतड्यात शोषली जातात, चूर्णाचं काम चालतं पुढे मोठ्या आतड्यात. दुपारी घेतलेली गोळी रात्रीच्या चूर्णाच्या हाती फारशी लागत नाही. जुलाब फारच झाले तर गोष्ट वेगळी.

गोळ्यांच्या आड येतं ते तुझं गरीब बिचारं इसबगोल. ते फुगून बुळबुळीत होतं आणि सोबत जे असेल ते धरून ठेवतं: कॅल्शियम, लोह, थायरॉइडची गोळीसुद्धा. तू रात्री कोमट दुधात इसबगोल आणि त्याच घोटाबरोबर कॅल्शियमची गोळी घेतेस. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत चांगलं लागू पडतं. झोपताना इसबगोलात गुंडाळून ते घेणं म्हणजे काही भाग फुकट. शिवाय इसबगोल खाऊन लगेच आडवं होणं बरं नाही, घशात अडकू शकतं.

म्हणून आता असं करायचं, आणि यात वाद नको. सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या तासाने. कॅल्शियम 500 दुपारच्या जेवणात, म्हणजे दोन्हींत चार तासांचं अंतर आपोआप पडतं. संध्याकाळी साडेपाचला इसबगोल, दोघांनीही. चहाचा छोटा चमचा, पहिले चार दिवस अर्धाच, नाहीतर पोट फुगेल. मोठा पेला पाणी, ढवळून लगेच पिऊन टाकायचं, घट्ट होईपर्यंत गप्पा मारत बसायचं नाही. वर आणखी एक पेला पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत अडकून बसतं. त्याच्या मागेपुढे दोन तास कुठलीही गोळी नको. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात, दुसऱ्याच दिवशी नावं ठेवू नका. रात्रीचं दूध आहे तसंच राहू दे, हळद घालून घे, त्याला मी हात लावलेला नाही.

बाबा, तुमची लोहाची गोळी अकराला, लिंबूपाण्याबरोबर. चहा तिच्या एक-दोन तास आगेमागे नको. पोट मुळात घट्ट होतं ते या लोहाने, आणि आईचं कॅल्शियमने. चूर्ण पहिला आठवडा दिवसाआड, दुसऱ्या आठवड्यात दोनदाच, मग बंद. उरलेल्या डबीत ते पुरेल. डॉक्टरांना विचारूनच लिहितेय.

डी-3 जीवनसत्त्वाचं 60,000 युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदाच, रविवारी, तूप घातलेल्या वरणभातानंतर. डॉक्टरांनी लिहिलेत तेवढेच आठवडे. कॅलेंडरवर फुली मारा. चुकून रोज घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, सारखी तहान लागते, लघवी वाढते, डोक्यात गोंधळ होतो आणि गंमत म्हणजे बद्धकोष्ठही होतं. मग माणूस आणखी चूर्ण घेतो.

आई, एरंडेल चहातून पाजल्यावर तू तळहातावर खडीसाखरेचा खडा ठेवायचीस. आता माझी पाळी. कुरियरने सात खणांची गोळ्यांची डबी येतेय, एका खणात खडीसाखर भरलीय. बाबा, शुगर तपासेपर्यंत ती आईचीच.

मंगळवारी सकाळी रक्त घ्यायला मुलगा घरी येईल: पोटॅशियम, सोडियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. नको म्हणून परत पाठवू नका, पैसे भरून झालेत. पोट फुगून उलट्या झाल्या, किंवा रक्त दिसलं, तर इसबगोल नाही, चूर्ण नाही, थेट डॉक्टर. लोहाने शौच काळपट होतं, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट काळं असेल तर लगेच मला फोन करा, रात्र असली तरी.

तुमची,
चिमी

ता. क. इसबगोलाचं पाकीट कापून तसंच ठेवू नका, दमट हवेत त्याचे गोळे होतात. फिरकीच्या झाकणाची बरणी फडताळात खालच्या कप्प्यात आहे, लोणच्याची नव्हे, त्याच्या शेजारची.