सूचना : रविवारी गाडीतळावर मुलांची नोंद

सभासदांनो, कारखान्यात उसाचं गाळप सुरू झालंय आणि बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गाडीतळावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामाच्या जागी, उतरल्या आहेत. शाळेच्या वयाच्या मुली दिवसभर कोपीवर (झोपडीवर) धाकटी भावंडं सांभाळत बसतात. येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता सगळ्यांनी गाडीतळावर यायचं आहे. सकाळी नको, माणसं पहाटेच उसाच्या फडात जातात.

- ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाचं नाव, गाव, मागची इयत्ता लिहा. शिक्षण हमी पत्रक (स्थलांतरित मुलांना दुसरीकडच्या शाळेत शिकता यावं म्हणून गावची शाळा देते ते पत्र) आणलंय का, तेही विचारा.
- दाखला नाही म्हणून कुणालाही वगळू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. वयानुरूप वर्गात घ्यावंच लागतं.
- आधी टोळी घेऊन आलेल्या मुकादमाशी बोला. फोटो काढू नका.

सोमवारी यादी मुख्याध्यापकांकडे द्यायची आहे. सोबत कोण येणार, आजच कळवा.